तिरकी पट्टी

३ मार्च, सोमवार

डायरी लिहायची सवय मोडून अकरा वर्षं झाली. आज परत वही काढली, कारण राग आलाय आणि तो काढायला घरात फक्त बाबा आहेत. त्यांच्यावर काढला की ते कानातलं यंत्र बंद करून खिडकीशी जाऊन बसतात. वही बिचारी कुठे जाणार.

तर झालं असं. मुख्य कार्यालयाने आमच्याकडे एक प्रकल्पवाला पाठवलाय. वय असेल पस्तीस, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि बोलायला उभा राहिला की पाठीमागे रंगीत तक्ते. मी त्याचं नाव तक्तेवाला ठेवलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते अख्ख्या नियंत्रण कक्षात झालं. या माणसाने उभ्या आयुष्यात एकाही विमानाला 'डावीकडे वळा' म्हटलेलं नाही. आणि तो आम्हाला सांगत होता की दोन विमानांमधलं अंतर राखायचं काम आता आमच्याकडून काढून वैमानिकांकडे द्यायचं आहे.

सव्वीस वर्षं मी दुसरं केलंय काय? उतरायला येणारी विमानं एकामागे एक रांगेत लावायची, दोघांत पाच मैल ठेवायचे. कमी व्हायला लागले की कुणाला हळू करायचं, कुणाला वळवायचं. आता म्हणे मागच्या विमानाच्या कॉकपिटात एक छोटा पडदा बसवलाय, त्यावर पुढचं विमान दिसतं. आम्ही फक्त विचारायचं की पुढचं दिसतंय का, त्याच्या मागे पाच मैल राखाल का. तो 'राखतो' म्हणाला की आमचे हात मोकळे. याला नाव दिलंय 'सोपवणूक'. एकदा सोपवलं की मागच्याला आपण वेग सांगायचा नाही, वळण सांगायचं नाही. सांगितलंत तर 'सोपवणूक मोडली' अशी नोंद होते आणि का मोडली याचा फॉर्म भरावा लागतो.

मी विचारलं, चुकलं तर कुणाच्या गळ्यात? तो म्हणाला, "मॅडम, जबाबदारी स्पष्टपणे वैमानिकाची आहे." मग आम्ही काय करायचं? तर देखरेख. म्हणजे बघायचं, पण हात लावायचा नाही. डोंबलाची देखरेख.

धाकटीला मात्र कल्पना आवडली. ही माझ्याकडे शिकणारी मुलगी. कक्षात वयाने सगळ्यांत लहान म्हणून सगळे धाकटीच म्हणतात. सात महिने माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून काम शिकते आहे. म्हणाली, ताई, वैमानिकांनाही डोळे असतात की. मी म्हटलं, असतात ना, आणि एक कायम कॉफीच्या कपावर असतो.

९ मार्च, रविवार

बाबांनीही स्वातंत्र्य जाहीर केलं. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी मी हातात देते हे त्यांना आवडत नाही. चाळीस वर्षं बस चालवली, एक आरसा फुटू दिला नाही, आणि आता एका गोळीसाठी पोरीच्या तोंडाकडे बघायचं का, असं त्यांचं म्हणणं. म्हटलं, ठीक आहे. वारांच्या सात कप्प्यांची डबी आणून दिली, रविवारी सगळे कप्पे भरून ठेवेन म्हटलं, बाकी तुमचं तुम्ही. खूश झाले. डबी बराच वेळ उघडून-मिटून बघत होते.

१७ मार्च, सोमवार

प्रयोगाचा पहिला दिवस. सध्या फक्त माझं टेबल आणि सकाळची पाळी.

आमच्याकडे अजून प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते. नंबर, उंची, वेग हातानेच लिहायचं आणि पट्टी समोरच्या खाचेत बसवायची. तक्तेवाल्याने नियम काढलाय की सोपवलेल्या विमानाची पट्टी तिरकी ठेवायची, म्हणजे हे आता आपलं नाही हे लक्षात राहील. सव्वीस वर्षं कुणाची पट्टी वाकडी दिसली की मी ओरडत आले.

पहिल्या दोघांनी अंतर बरं राखलं. तिसरा मात्र ढिला. साडेसहा मैल, सहा, साडेपाच. पडद्यावर आकडा उतरताना दिसतोय आणि मी हातावर हात ठेवून बसलेय. मागच्याला काही बोलले तर नोंद. पाच पूर्णांक दोन झाले तेव्हा माझं तोंड आपोआप उघडलं आणि मी पुढच्या विमानाला सांगितलं, वेग वीस नॉटने वाढवा. पुढचा काही सोपवलेला नव्हता, त्याला मी वाटेल ते सांगू शकते. तो सरकला, मागे जागा झाली, तीन मिनिटांत परत सहा मैल. सोपवणूक मोडली नाही, नोंद नाही, फॉर्म नाही.

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, पुढच्याला ढकलायला कुणी बंदी केलेली नाही. पण तिला हेही बजावलं की तू असलं काही करायचं नाहीस. तुझी जूनमध्ये परीक्षा आहे, तू नियम जसा आहे तसा शीक. तिने मान डोलावली. गुणी पोर आहे, सांगितलं तेवढं करते.

२ एप्रिल, बुधवार

तक्तेवाल्याने पंधरा दिवसांचे आकडे आणले. अंतर पाचच्या खाली गेलं, शून्य वेळा. सोपवणूक मोडली, शून्य वेळा. पठ्ठ्याचा चेहरा असा फुललेला की मला हसू दाबता येईना. वैमानिकांनी नवीन पद्धत किती लवकर आत्मसात केली यावर तो वीस मिनिटं बोलला.

आत्मसात कसली. आज सकाळीच मी चौघांना पुढे ढकललं. आता तर मला पाच पूर्णांक दोनची वाटही बघवत नाही, साडेपाचलाच ढकलते. आणि सोपवायच्या आधीच मधे एखादा मैल जास्त सोडून ठेवते, म्हणजे घोळ घालायला त्यांना जागा राहते. प्रयोग संपला की एक दिवस त्याला सगळं समोर मांडून दाखवीन, की बाबा रे, तुझ्या या शून्यांच्या मागे कोण बसलं होतं. तो दिवस माझा असेल.

२२ एप्रिल, मंगळवार

बाबांची डबी सकाळी साडेसहाच्या चहाच्या वेळी बघते. कप्पा भरलेला दिसला की गोळी काढून त्यांच्या चहाच्या बशीत ठेवते. मी काही बोलत नाही, तेही काही बोलत नाहीत. चहाबरोबर गोळी पोटात जाते आणि त्यांचा मान राहतो. गेल्या आठवड्यात चारदा ठेवावी लागली. वय झालं, काय करणार.

९ मे, शुक्रवार

एका विमान कंपनीचे कप्तान कक्ष बघायला आले होते. पिकल्या केसांचे, बोलायला गोड. माझा आवाज ऐकून लगेच ओळखलं. म्हणाले, सकाळी तुमचा आवाज कानावर पडला की आम्ही निवांत होतो. टेबलावर तुम्ही असलात की आमच्याकडचा तो छोटा पडदा बघायचीसुद्धा गरज पडत नाही.

सव्वीस वर्षांत एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. घरी येऊन बाबांना सांगितलं, त्यांनी दोनदा वदवून घेतलं. तक्तेवाल्याला हे ऐकायला उभं करायला हवं होतं, असं राहून राहून वाटतंय.

१२ जून, गुरुवार

धाकटी पास. पैकीच्या पैकी. परीक्षक म्हणाले, अशी स्वच्छ रांग त्यांनी वर्षात पाहिली नाही.

परीक्षेला माझ्या टेबलावर ती एकटी. मी शेजारच्या टेबलावर होते, जिथून विमानं तिच्याकडे जातात. रात्रभर पोरीला झोप नव्हती, सकाळी हात थंडगार. म्हटलं, आपल्याकडून जेवढं होईल तेवढं करावं. एरवी शेजारचा माणूस सहा मैलांवर विमानं पाठवतो. मी आठ-आठ मैलांवर एकेक सोडली, अलगद. तिला घाई करावीच लागली नाही. तिने चौघांना सोपवलं, पट्ट्या नीट तिरक्या ठेवल्या आणि शेवटपर्यंत कुणाला हात लावला नाही. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं.

बाहेर आल्यावर गळ्यात पडून रडली. म्हणाली, ताई, मला वाटलं नव्हतं मला हे जमतं. मी म्हटलं, वेडे, मला माहीत होतं.

१ जुलै, मंगळवार

मुख्य कार्यालयात दोन दिवस. सत्कार झाला. काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र, त्यावर माझं नाव, 'यशस्वी अंमलबजावणीबद्दल'. मोठे साहेब हात हातात घेऊन म्हणाले की जुन्या पिढीतून विरोध होईल असं वाटलं होतं, तुम्ही आमचे डोळे उघडलेत.

तिथेच सांगायचं ठरवलं होतं. जिभेवर आलं होतं. पण समोर दीडशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि प्रमाणपत्र हातात होतं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटत होतं. शिवाय सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता की चार महिने का गप्प बसलात? मूग गिळले आणि फोटोला उभी राहिले.

मग तक्तेवाल्याने दुसरा टप्पा जाहीर केला. एक ऑगस्टपासून सगळ्या पाळ्यांना, सगळ्या टेबलांवर सोपवणूक. आणि आकडे इतके चांगले आहेत की टेबलावर दुसऱ्या माणसाची गरज नाही, मदतनीसाची खुर्ची काढायची. बाकीच्या टेबलांवर पुढच्याला ढकलणारं कुणी नाही, हे मला माहीत होतं. परत येताना मनाची समजूत घातली की बाकीचे लोकही काही दूधखुळे नाहीत, ढकलायचं तेही आपापलं शिकतील.

घरी आले तर डबीतले दोन्ही दिवसांचे कप्पे भरलेले. गोळ्या केराच्या टोपलीत टाकल्या. चौदा तारखेला डॉक्टरांकडे जायचंय, म्हातारपणी कशाला त्यांना बोलणी खायला लावायची.

१४ जुलै, सोमवार

डॉक्टरांनी डबी बघितली, रक्तदाब बघितला, म्हणाले या वयात स्वतःच्या गोळ्या स्वतः सांभाळणारे फार थोडे. बाबा ताठ बसले.

रिक्षात मी सहज म्हटलं, बघा, जमतंय की तुम्हाला. तर म्हणतात, "त्यात काय, बशीत असतेच की." मला हसूच आवरेना. म्हातारा वस्ताद आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज माझी साप्ताहिक सुट्टी. साडेअकराला पाळीप्रमुखांचा फोन. धाकटीच्या टेबलावर अंतर दोन पूर्णांक सहा मैलांवर आलं. पुढचं मोठं विमान होतं. अशाच्या मागे हवा घुसळलेली असते, मागचं लहान विमान त्यात शिरलं आणि दोन वेळा आडवं झालं. उतरलं सुखरूप. पण केबिनमध्ये एक एअरहोस्टेस उभी होती, ती छताला आपटून खुर्चीच्या पाठीवर पडली. कण्याला मार आहे.

धाकटीला लगेच टेबलावरून उठवलं. मी निघाले तशी गेले, पण तिला घरी पाठवून झालं होतं. खाचेत पट्ट्या तशाच होत्या, कुणी हलवायच्या नाहीत म्हणून वर पांढरी चिकटपट्टी मारलेली. एक पट्टी तिरकी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काय झालं ते आता नीट कळलं. त्या वेळी तिच्याकडे सात विमानं, शेजारी मदतनीस नाही. एका विमानात पेशंट होता, त्याला आधी उतरवायला ती वाट काढत होती. सोपवलेल्या विमानाचं पुढच्यापासूनचं अंतर चार पूर्णांक सहा दिसल्यावर तिने मागच्या वैमानिकाला विचारलं, पुढचं दिसतंय ना? तो म्हणाला, दिसतंय. नियमात विचारायची परवानगी आहे, तेवढं तिने केलं. मग पेशंटवाल्याशी बोलून परत बघते तर तीन पूर्णांक एक. तिने सोपवणूक मोडली, वळायला सांगितलं. तोवर उशीर झाला होता.

एअरहोस्टेसला अजून पाय हलवता येत नाहीत.

धाकटीचं लायसन्स निलंबित. आरोप 'देखरेखीत कसूर', सोपवणूक पन्नास सेकंद उशिरा मोडली म्हणून. मार्चमध्ये जबाबदारी 'स्पष्टपणे' वैमानिकाची होती ना? तक्तेवाल्याला जिन्यात गाठून विचारलं. तो म्हणाला, मॅडम, अंतराची जबाबदारी वैमानिकाची, पण देखरेखीची जबाबदारी नियंत्रकाची. आणि निघून गेला. म्हणजे काम घेताना आमच्या हातातून घेतलं आणि दोष देताना आमच्या पदरात टाकला. मला त्याच्या तक्त्यांची चूल पेटवावीशी वाटली.

धाकटीला फोन केला. एवढंच म्हणाली की ताई, तुम्ही असतात तर हे झालं नसतं. मी म्हटलं, असं नसतं गं. पण मनात मला तेच वाटत होतं, आणि अभिमानही वाटला. लिहिताना लाज वाटते, पण वाटला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

चौकशी अधिकारी एक पांढऱ्या केसांच्या बाई आहेत. मोजकं बोलतात. धाकटीला मी शिकवलं म्हणून माझं मत हवंय. तिच्या शिक्षणात काही कच्चं राहिलं का, असं विचारलंय. वाचायला सगळ्यांचे जबाब दिले.

धाकटीचा जबाब दीड पान. नियम, वेळ, आकडे. माझं नाव फक्त 'प्रशिक्षक' म्हणून. मार्चमध्ये ती माझ्या शेजारी बसून सगळं बघत होती. पुढच्याला ढकलते हे तिने कुठेही, एका शब्दाने लिहिलेलं नाही. ते लिहिलं असतं तर ते शून्याचे आकडे खोटे ठरले असते आणि ती सुटली असती.

मग मागच्या विमानाच्या कप्तानाचा जबाब वाचला. तो इथे उतरवून काढते: "अंतर कमी होत असल्याचे आम्हाला दिसत होते. या विभागात असे झाल्यास नियंत्रक पुढच्या विमानाचा वेग वाढवतात, असा आमचा अनेक महिन्यांचा अनुभव आहे. आम्ही त्या सूचनेची वाट पाहत होतो."

रेडिओच्या एकाच वाहिनीवर सगळे ऐकत असतात. मी पुढच्याला काय सांगते ते मागच्याला रोज ऐकू जात होतं. सव्वीस वर्षं मी त्याच वाहिनीवर बोलते आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

चहा झाला, भांडी झाली, बाबा काहीतरी विचारत होते. मी काय उत्तर दिलं आठवत नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

तीन दिवस काढले. सांगितलं तर माझं लायसन्स जाणार, निवृत्तीला चार वर्षं असताना तोंड काळं करून घरी बसायचं. नाही सांगितलं तर धाकटीचं जाणार, आणि तिला कुणीच पुन्हा टेबलावर बसवणार नाही. हिशोब सोपा आहे, तरी तीन दिवस लागले. मी समजत होते तेवढी मी चांगली बाई नाही.

आज जाऊन सांगितलं. चौकशीच्या बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. तक्तेवाला शेजारी होता, त्याचा रंग उतरत गेला. मग त्यांनी मार्चपासूनचं रेकॉर्डिंग मागवलं. बाईंनी शेवटी विचारलं, "तुम्हाला पद्धत चुकीची वाटत होती, तर तसं लिहून का दिलं नाहीत? मोडायची, फॉर्म भरायचा. पहिल्या आठवड्यात हे बंद पडलं असतं."

मी म्हटलं, मला विमानं सुखरूप हवी होती. त्या म्हणाल्या, ती तर फॉर्म भरूनही राहिली असती.

मी जबाबावर सही केली. 

१८ सप्टेंबर, गुरुवार

निकाल लागला. रेकॉर्डिंगमध्ये मी पुढच्याला ढकलल्याच्या एकशे त्र्याऐंशी वेळा सापडल्या. माझं लायसन्स रद्द. प्रमाणपत्र परत मागितलंय, चौकटीसकट. धाकटीवरचा आरोप मागे, पण पुन्हा परीक्षा द्यावी लागेल.

आणि प्रकल्प? वाटलं होतं निदान तो तरी गाडला जाईल. कुठला. तक्तेवाल्याने नवा तक्ता आणला. माझ्या जबाबातली वाक्यं त्यावर अवतरणात. निष्कर्ष असा की नियंत्रकाच्या अनधिकृत हस्तक्षेपामुळे वैमानिकांना परावलंबनाची सवय लागली, पद्धतीत दोष नाही. म्हणून तिसऱ्या टप्प्यात पुढच्या विमानालाही आपण काही सांगायचं नाही. मदतनीसाची खुर्ची परत येणार नाही. ती कुणी कुठे नेऊन ठेवली हेही कुणाला माहीत नाही.

आम्हाला हाणायला मीच माझ्या हाताने त्याच्या हातात काठी दिली. एअरहोस्टेसला कुबड्यांवर उभं करतात असं कळलं. तिच्या घरी जायचं दोनदा ठरवलं, दोनदा अर्ध्या वाटेतून परत आले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

माझं कपाट रिकामं करायला गेले. हेडसेट, चहाचा मग, एक स्वेटर, आणि जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा. कशाला जपला होता कोण जाणे.

धाकटी तिथे आली. बारीक झाली आहे. मला वाटलं आभार मानेल, मी 'त्यात काय गं' म्हणायची तयारी करून ठेवली होती. ती म्हणाली, "ताई, एक विचारते. माझ्या परीक्षेच्या दिवशी शेजारच्या टेबलावर तुम्ही होतात. तेव्हाही काही केलं होतंत?"

मी म्हटलं, "नाही गं. परीक्षा तुझी होती, मी कशाला हात लावू?"

किती पटकन निघालं तोंडातून. विचारसुद्धा करावा लागला नाही.

ती कपाटाला टेकली. मग म्हणाली, "मी शेजारच्या टेबलाचं रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. आठ मैल, आठ, साडेसात, आठ. तुम्ही खरं सांगता का, एवढंच बघायचं होतं."

मी म्हटलं, तुझे हात थंड पडले होते, मला बघवलं नाही. तुझ्या भल्यासाठीच केलं. ती म्हणाली, "माझ्या भल्यासाठी. मी तेव्हा पास झाले होते की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. ऑगस्टमध्ये त्या दिवशी माझ्याकडे पहिल्यांदा सात विमानं आली, ताई. त्याआधी मला कुणी पडूच दिलं नव्हतं."

तिचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त लागलं. जाताना म्हणाली की सहा तारखेला परीक्षा आहे, तुम्ही त्या दिवशी इमारतीत येऊ नका. कुणाला फोन करून काही सांगू नका. मी हो म्हटलं.

पट्ट्यांचा गठ्ठा तिथेच टाकून आले.

६ ऑक्टोबर, सोमवार

परीक्षा दहाला. आठपासून घरात येरझाऱ्या. शेजारच्या टेबलावर आज कोण असेल, तो कसा सोडतो, घाईत सोडतो का, हेच डोक्यात. दोनदा फोन हातात घेतला. पाळीप्रमुख ओळखीचे आहेत, एक शब्द टाकला असता तर पुरला असता. फोन कपाटात ठेवून कपाट लावलं.

नोकरी सुटल्यापासून आमचा चहा उशिरा होतो. दहाला बाबा टेबलाशी बसले. बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "गोळी?"

मी म्हटलं, "डबीत आहे, बाबा."

"तू ठेवतेस ना."

"आता नाही ठेवणार."

ते जरा रागावले. डबी पुढे ओढली आणि झाकणाशी झटापट सुरू केली. नख खाचेत बसत नव्हतं. माझे हात आपोआप पुढे जायला लागले, म्हणून दोन्ही हात मांडीखाली घालून त्यावर बसले. पन्नाशी उलटलेली बाई मी, शाळेतल्या मुलीसारखी हातांवर बसले होते. त्यांनी रविवारचा कप्पा उघडला, त्यात कालची गोळी तशीच. कालही मी ती बशीत ठेवली नव्हती, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, आज वार कोणता? मी सोमवार म्हटलं. कालची त्यांनी बाजूला काढली, पुढचा कप्पा उघडला, गोळी तोंडात टाकली. चहा गार झाला होता. तोच प्यायले. पंचवीस मिनिटं लागली.

मग म्हणाले, कालची राहिली होती, तू बोलली नाहीस. मी म्हटलं, हो.

साडेबाराला कपाटातून फोन वाजला. पाळीप्रमुख. धाकटी पास झाली. शेजारच्याने विमानं साडेपाच मैलांवर पाठवली होती, अगदी चेपून. एकदा अंतर पाचच्या खाली जायला लागलं, तर तिने वाट बघितली नाही. सोपवणूक मोडली, मागच्याला वळवलं, पट्टी सरळ केली, आणि उठल्यावर फॉर्म भरला. परीक्षकांत तक्तेवालाही होता, त्याने सोपवणूक मोडल्याबद्दल दहा गुण कापले. पासापुरते उरले.

मी विचारलं, ती काही म्हणाली का? तिला सांगायचं होतं का मला? ते म्हणाले, नाही, मीच आपलं कळवलं.

संध्याकाळ झाली. धाकटीचा फोन आला नाही. मीही लावला नाही.